हरवलेले पहिले वर्ष

दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घ्यावी आणि तिच्या बळावर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळवावा, हा मार्ग आपल्या समाजातील कुटुंबांच्या आता चांगल्या परिचयाचा झाला आहे. त्याची कारणे उघड आहेत. बारावीच्या शास्त्र शाखेचा खर्च, प्रवेश-परीक्षेसाठी लागणाऱ्या खासगी शिकवण्या, आणि एवढे करूनही गुण कमी पडले तर पदरात काहीच न पडण्याची भीती, ही सारी जोखीम मजुरीवर किंवा लहानशा नोकरीवर संसार चालविणाऱ्या बापाला झेपणारी नसते. पदविका मात्र अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी हाती येते, तिच्यावर काम मिळू शकते आणि पुढील शिक्षणाचे दारही उघडे राहते. या दाराशी प्रवेश-परीक्षा नाही. पदविकेच्या गुणांवर यादी लागते. किमान गुणांची अट सर्वसाधारण विद्यार्थ्यांस ४५ टक्के व राखीव प्रवर्गांस ४० टक्के एवढीच आहे. गरिबांच्या मुलांना अभियंता होण्याचा इतका सरळ मार्ग दुसरा क्वचितच असेल, आणि तो टिकला पाहिजे याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही.

परंतु या मार्गात एक खड्डा आहे व त्याविषयी प्रवेशाच्या वेळी कोणी फारसे बोलत नाही. दुसऱ्या वर्षात थेट शिरणाऱ्या विद्यार्थ्याचे पहिले वर्ष गळून पडते. वरवर पाहता हा लाभच वाटतो. एक वर्ष वाचले, एका वर्षाचे शुल्क वाचले. तथापि त्या वर्षात काय शिकविले जाते ते पाहावे. गणिताचे दोन भाग, पदार्थविज्ञान, रसायन, यामिकी, संगणकाची आज्ञावली लिहिण्याची पहिली ओळख, आणि अभियांत्रिकी म्हणजे काय, अभियंता प्रश्नाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, याचा प्रारंभिक संस्कार. मॅट्रिक्स, आंशिक विकलन, बहुसंकलन ही गणिते बारावीहून आलेला मुलगा पहिल्या वर्षी सोडवितो आणि दुसऱ्या वर्षी त्याच पायावर लाप्लासचे रूपांतर शिकतो. आपला मुलगा सरळ लाप्लासपाशी येऊन उभा राहतो. पदविकेत गणित असते, नाही असे नाही. पण ते बहुधा पहिल्या वर्षातच संपते आणि नंतरची दोन वर्षे मुलगा गणिताच्या पुस्तकास हात लावीत नाही. त्याने संकलन शिकून दोन वर्षे लोटलेली असतात आणि वर्गात प्राध्यापक 'हे तुम्हांला ठाऊकच आहे' असे म्हणून पुढे सरकतात.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे ज्याला आपण आयटीआय म्हणतो तिथून निघालेल्या मुलाची स्थिती याहूनही कठीण होते. त्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो आणि ती पदविका घेऊन तो पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट जाऊ शकतो. फिटरचे काम शिकलेला मुलगा पायरी पायरीने अभियंता व्हावा, ही कल्पना फार चांगली आहे. पण त्याचे पहिले वर्ष दोनदा हरवते. पदविकेचे गणित त्याने वर्गात बसून शिकलेले नसते, आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचेही नसते.

मग व्हायचे तेच होते. प्रवेशाच्या फेऱ्या लांबत जातात, मुलगा महाविद्यालयात पोहोचेपर्यंत वर्ग सुरू होऊन काही आठवडे गेलेले असतात, वसतिगृहाची जागा मिळालेली नसते. पहिल्याच सत्रात गणिताची केटी लागते, ती पुढील सत्रात ओढली जाते, आणि तिच्या ओझ्याखाली जे विषय त्याला चांगले आले असते तेही मागे पडतात. यात बुद्धीचा दोष कोठे आहे? ज्या जिन्याच्या मधल्या पायऱ्या काढून टाकलेल्या आहेत त्यावर कोणीही अडखळेल. परंतु आपल्या मुलाच्या अडखळण्याचा अर्थ या देशात निराळा लावला जातो. सवर्ण विद्यार्थी नापास झाला तर तो अभ्यासात कमी पडला असे म्हणतात. आपला नापास झाला तर 'राखीव जागेवर आला होता' असे म्हणतात. अभ्यासक्रमात राहिलेली फट जातीच्या खात्यावर मांडली जाते आणि त्याहून वाईट असे की तो मुलगा स्वतःही हळूहळू तसे मानू लागतो. ज्या कुटुंबाने दीक्षा घेऊन जन्माधिष्ठित कनिष्ठतेची कल्पना मनातून उपटून टाकली, त्याच्या घरात ती कल्पना गणिताच्या गुणपत्रिकेतून पुन्हा शिरणार असेल तर बौद्ध जनतेने या प्रश्नाकडे शैक्षणिक बारकावा म्हणून पाहून चालणार नाही.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. पदविकेचा मुलगा रिकाम्या हाताने येत नाही. त्याने लेथवर काम केलेले असते, व्हर्निअर कॅलिपरने मोजमाप घेतलेले असते, मोटार खोलून पुन्हा जोडलेली असते, रस्त्याच्या मोजणीत उन्हात उभा राहून टेपाचे टोक धरलेले असते. बारावीहून आलेल्या मुलाने यातले बहुतेक पुस्तकात वाचलेले असते. एकाला हात आहे आणि दुसऱ्याला सूत्र आहे; अभियंत्याला दोन्ही लागतात. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या आपल्या निबंधात दाखवून दिले की जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी म्हणून थांबत नाही, ती श्रमिकांचीच विभागणी करते. हाताने काम करणाऱ्याला विद्येपासून आणि विद्यावंताला हाताच्या कामापासून दूर ठेवल्याने या देशातील यंत्रविद्या शतकानुशतके खुंटली. ज्या मुलाने दोन्ही जोडण्यास आरंभ केला आहे, त्याला गणिताच्या चार प्रकरणांवाचून अडवून धरणे हा त्याच्यावर अन्याय आहेच. तो देशाचाही तोटा आहे.

बाबासाहेबांची या विषयावरील दृष्टी आपल्यापैकी पुष्कळांना पुरेशी ठाऊक नाही. ते १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षीच्या २९ ऑक्टोबरला त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयी एक निवेदन व्हाइसरॉय लिनलिथगो यांस सादर केले. त्यात त्यांनी साफ म्हटले आहे की कला आणि कायदा यांच्या शिक्षणाने आपल्या लोकांचे फारसे भले होणार नाही, त्यांना विज्ञान व तंत्रविद्येचे उच्च शिक्षण हवे. स्वतः कायदेपंडित असलेल्या माणसाने हे लिहावे, याचा अर्थ ध्यानी घ्यावा. त्यांनी या शिक्षणासाठी देशातील विद्यार्थ्यांकरिता वार्षिक दोन लाखांची आणि परदेशी जाणाऱ्यांकरिता एक लाखाची तरतूद मागितली, तसेच सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी अशीही मागणी केली. आज मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणून जी आपल्या घरोघरी येते, तिची सुरुवात या प्रयत्नांतून १९४४ च्या सुमारास झाली. त्याच काळात पाटबंधारे आणि वीज ही कामे त्यांच्या खात्याकडे होती आणि दामोदर व महानदी या नद्यांच्या योजनांचा पाया त्यांच्या कारकिर्दीत घातला गेला. धरण बांधणाऱ्याला काय काय यावे लागते, हे त्यांनी दप्तरात बसून जवळून पाहिले होते. म्हणून त्यांच्या मागणीत भावनेपेक्षा हिशेब अधिक दिसतो.

आता उपायाकडे वळू. ज्या अमेरिकेत बाबासाहेब १९१३ साली शिकावयास गेले, त्या देशात गरीब व कष्टकरी विद्यार्थी आरंभीची दोन वर्षे गावाजवळच्या कम्युनिटी कॉलेजात काढून मग मोठ्या विद्यापीठात जातात. असे पहिले सार्वजनिक महाविद्यालय इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ मध्ये निघाले. तेथेही हाच खड्डा आढळला. विद्यापीठात पहिल्या सत्रात अभियांत्रिकीचा जो ओळख-अभ्यासक्रम असतो, तो लहान कॉलेजात सहसा नसतो आणि मागाहून येणारा विद्यार्थी त्याला मुकतो. म्हणून काही विद्यापीठांनी तो अभ्यासक्रम ऑनलाइन खुला केला, म्हणजे विद्यार्थी अजून आपल्या जुन्या कॉलेजात असतानाच, नव्या विद्यापीठात नाव घालण्याआधी, तो पुरा करू शकतो. विद्यार्थ्याला प्रवेशाआधीच तयार करावयाचे, ही त्यातली मुख्य कल्पना आहे आणि आमच्या मते आपल्याकडे नेमकी तीच हवी आहे.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ च्या नियमपुस्तिकेत निरनिराळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी गणित, पदार्थविज्ञान, आलेखन यांचे पूरक वर्ग विद्यापीठांनी चालवावेत असे म्हटले आहे. चांगले आहे. परंतु असे वर्ग प्रवेशानंतर भरतात, म्हणजे ज्या आठवड्यांत मुलगा खोली शोधीत असतो, शुल्कमाफीच्या कागदांसाठी खिडकीपुढे उभा असतो आणि नव्या विषयांनी गोंधळलेला असतो, नेमके त्याच आठवड्यांत. पदविकेची अखेरची परीक्षा उन्हाळ्यात संपते आणि दुसऱ्या वर्षाचे प्रवेश पावसाळा अर्धा सरेपर्यंत चालतात. मधले दोन-तीन महिने मुलगा घरी असतो. कित्येकदा बापाबरोबर कामावर जातो. ऑनलाइन अभ्यासक्रमास याहून योग्य काळ नाही.

यावर कोणी म्हणेल की असे शिक्षण फुकट उपलब्ध आहेच. आयआयटी संस्था आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांनी २००३ पासून एनपीटीईएलच्या द्वारे व्याख्याने खुली केली, केंद्र सरकारने २०१७ मध्ये 'स्वयम्' सुरू केले, आणि २०२१ च्या नियमांनी सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत विषय तेथून शिकण्याची मुभा विद्यापीठांना दिली. हे सर्व खरे आहे व त्याचा उपयोग आपल्या मुलांनी अवश्य करावा. परंतु शेकडो अभ्यासक्रमांच्या बाजारात सोलापूरच्या किंवा वाशीमच्या पदविकाधारकाने कोणता उचलावा, हे त्याला कोण सांगणार? ती व्याख्याने इंग्रजीत आहेत. काहींची भाषांतरे झाली असली तरी ती ऐकताना शंका आली तर विचारावयास जवळ कोणी नसते. आणि ती मुळात ज्या विद्यार्थ्याला डोळ्यांपुढे ठेवून रचली आहेत तो विद्यार्थी बारावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला आहे. ग्रंथालयाची किल्ली दिली म्हणजे वाचावयास शिकविले असे होत नाही.

आम्हांस जो अभ्यासक्रम अभिप्रेत आहे तो लहान असावा, आठ ते दहा आठवड्यांचा. त्यात पदविकेच्या गणितापासून निघून पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या दाराशी नेणारे गणित असावे, मधली एकही पायरी न गाळता. आज्ञावली लिहिण्याचा आरंभ असावा. एखादा खरा प्रश्न, गावाच्या नळयोजनेचा किंवा विहाराच्या छतावर सौरपट्ट्या बसविण्याचा घेऊन तो अभियंता कसा सोडवितो, माप कसे घेतो, खर्च कसा काढतो, चूक कोठे होऊ शकते याचा अंदाज कसा बांधतो, हे दाखविलेले असावे. शिकविणे मराठीत व्हावे आणि त्याबरोबर इंग्रजी संज्ञा एकेक करून पक्क्या कराव्यात, कारण पुढील वर्ग इंग्रजीत भरणार आहे हे विसरून चालणार नाही. मातृभाषेत शिकणे ही दया नव्हे. २०२१ पासून तंत्रशिक्षण परिषदेनेच पदवीचे शिक्षण प्रादेशिक भाषांत देण्यास परवानगी दिली आहे. अखेरीस परीक्षा असावी व तिचे श्रेयांक पुढे प्रवेश घेतल्यावर हिशेबात धरले जावेत. शुल्क मात्र नसावे. एकदा शुल्क ठेवले की तो आणखी एक खासगी क्लास होतो, आणि तसले क्लास गावोगावी पुरेसे आहेत.

हे काम कोणी करावे? आमचे उत्तर निश्चित आहे. रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. ते १९८९ मध्ये स्थापन झाले आणि २०१७ पासून राज्यभरची महाविद्यालये त्याला जोडली गेली आहेत. ज्या महाडला १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते या विद्यापीठापासून जवळच आहे. त्या दिवशी लोकांनी मागितले ते सार्वजनिक तळ्यावरील समान हक्काचे पाणी होते. कायद्याने ते तळे आधीच खुले होते, पण कोणी त्याच्या काठी जाऊ शकत नव्हते. दुसऱ्या वर्षाचे दारही आज कायद्याने खुले आहे. बाबासाहेबांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाकडे अध्यापक आहेत, संलग्न महाविद्यालये आहेत आणि अभ्यासक्रम ठरविण्याचा अधिकार आहे. पदविकेच्या शेवटच्या वर्षातील प्रत्येक विद्यार्थ्याला, तो पुढे कोणत्याही विद्यापीठात जावो, हा ओळख-अभ्यासक्रम खुला करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. पुतळ्याला हार घालण्याच्या खर्चाच्या तुलनेत याचा खर्च किती, हा हिशेब विद्यापीठानेच करून पाहावा.

तथापि ऑनलाइन या शब्दाने आम्ही भारून गेलेलो नाही. २०२० च्या मार्चमध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि वर्ग पडद्यावर गेले तेव्हा काय झाले ते आपल्या वस्त्यांनी भोगले आहे. घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर कामावर गेलेला. तिघा भावंडांचे वर्ग एकाच वेळी. आणि फोन एकच असेल तेव्हा तो मुलीच्या हाती सर्वांत शेवटी. म्हणून हा अभ्यासक्रम अशा रीतीने रचावा की व्याख्याने एकदा उतरवून घेता येतील, जाळे नसलेल्या गावातही पाहता येतील, आणि सारा मजकूर छापील पुस्तिकेच्या रूपानेही मिळेल. आणि एक धोका आताच सांगून ठेवतो. ऑनलाइन शिकता येते ना, मग वसतिगृह कशाला, प्रयोगशाळा कशाला, 'स्वाधार'ची रक्कम कशाला, असे म्हणणारे उद्या निघतील. त्यांना आमचे म्हणणे असे की हा अभ्यासक्रम दाराशी आणून सोडण्यापुरता आहे. आत गेल्यावर प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह व शिष्यवृत्ती यांतील एक कपर्दिकही कमी झालेली आम्ही मान्य करणार नाही.

विद्यापीठ आपले काम करील तेव्हा करील. आपल्या हाती जे आहे ते आपण आताच करू शकतो. गावोगावी आणि वस्त्यावस्त्यांतून आपण विहारे बांधली. वंदना व वर्षावासातील ग्रंथवाचन तेथे होते, ते व्हावेच. पण दिवसाचे उरलेले तास त्यांतील बहुतेक कुलपात असतात. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संग या चिनी भिक्षूने येथील अभ्यासाच्या पाच विद्या नोंदविल्या आहेत. त्यांत व्याकरण, वैद्यक, तर्क व अध्यात्म यांच्या जोडीला शिल्पस्थानविद्या, म्हणजे कला व यंत्रकौशल्याची विद्या, होती. तेव्हा विहारात गणिताचा फळा लावण्यात परंपरेचा भंग होईल अशी ज्यांना भीती वाटते त्यांनी निश्चिंत असावे. एक पडदा, एक फळा, इंटरनेटची जोडणी आणि संध्याकाळचे दोन तास एवढेच लागेल. याच मार्गाने दुसऱ्या वर्षात जाऊन पदवी घेतलेले आपले कितीतरी तरुण पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर येथे नोकरीस आहेत. केटी कशी लागते आणि कशी सुटते हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांनी द्यावी. धम्मदानाची कल्पना आपल्या मनात नेहमी नोटेच्या रूपाने येते, हे काही बरे नव्हे.

पालकांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली मुलींविषयी. पदविका झाली, आता लग्नाचे पाहू, हा विचार दीक्षेनंतरही पुष्कळ घरांतून गेलेला नाही. अभ्यासक्रम घरबसल्या शिकता येतो म्हणून तो मुलीला घरकाम सांभाळून करता येईल असे समजू नये. तो करीत असताना तिला दोन महिने घरकामातून मोकळे करावे, आणि तो झाल्यावर तिला प्रवेशासाठी पाठवावे. दुसरी गोष्ट कागदपत्रांची. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रात १९९० पर्यंत नाकारल्या गेल्या होत्या. धर्मांतराची ही शिक्षा आपण चौतीस वर्षे सोसली. आता कायदा आपल्या बाजूस आहे, पण तो कागदाशिवाय बोलत नाही. धर्मांतरित बौद्धांच्या दाखल्यावर पूर्वीची जात लिहावी लागते, हे नवदीक्षित कुटुंबांच्या मनाला टोचते. त्यांचा तो सल आम्ही जाणतो. परंतु ती नोंद झालेल्या अन्यायाचा पुरावा म्हणून आहे, ओळख म्हणून नव्हे, असे समजून दाखला घ्यावा. जात-वैधता प्रमाणपत्राचा अर्ज पदविकेच्या शेवटच्या वर्षाच्या आरंभीच द्यावा. निकालानंतर धावाधाव केली तर गणित कितीही पक्के असले तरी जागा हातची जाते.

लोणेरे येथील विद्यापीठास या मागणीचे निवेदन आम्ही या अंकाबरोबरच पाठवीत आहोत. ज्या विहार-समित्यांना येत्या उन्हाळ्यात असा वर्ग भरविण्याची इच्छा असेल त्यांनी विहाराचे ठिकाण, वीज व इंटरनेटची सोय, पदविकेच्या शेवटच्या वर्षात असलेल्या मुला-मुलींची संख्या आणि शिकविण्यास तयार असलेल्या अभियंत्यांची संख्या आमच्या पत्त्यावर लिहून कळवावी. पुढील अंकापासून आम्ही अशा विहारांची यादी छापण्यास आरंभ करू आणि तीच यादी निवेदनास पुरवणी म्हणून विद्यापीठाकडे धाडू.